म्हाताऱ्या कुत्र्याचे घर

आपल्या मराठी भाषेने कुत्र्याला फारशा मायेने वागवलेले नाही. एखाद्याची सर्वत्र उपेक्षा झाली की 'त्याला कुत्रेही विचारीत नाही' असे आपण म्हणतो. कोणाचा वाईट अंत झाला की तो 'कुत्र्याच्या मौतीने मेला' असा शेरा मारतो. खोडसाळ माणसाची खोड जात नाही, तेव्हा नळीत घातलेल्या शेपटाचा दृष्टांत आपल्या ओठांवर तयारच असतो. पण हीच भाषा बोलणारा समाज दत्तात्रेयाच्या तसबिरीत त्याच्या पायांशी चार कुत्री रंगवतो आणि ते चार वेद आहेत असे मुलांना सांगतो. हाच समाज खंडोबाच्या दारी स्वतःला 'वाघ्या' म्हणवून घेतो. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा घरोघरी डोळ्यांत पाणी आणून ऐकली जाते. एकाच प्राण्याविषयीची ही दोन टोके. त्यांच्यामध्ये कोठे तरी तो खराखुरा कुत्रा उभा असतो, आणि त्याचे वय होत असते.

आमचा विषय आहे तो या वय झालेल्या कुत्र्याचा. तोंडावरचे केस पांढरे झालेले, डोळ्यांवर सारा आलेला, मागचे पाय जड पडलेले, आणि मालक मेला, घर बदलले किंवा केवळ कंटाळा आला म्हणून रस्त्यावर आलेला असा कुत्रा कोणी उचलून आणला, तर त्याला पुन्हा माणसाचे घर मिळावे की नाही? मिळावे असे वाटत असेल, तर हे वाटणे माणसाला केव्हा सुचले आणि त्याने त्यासाठी काय काय केले? विषय ऐकून काही श्रोत्यांना तो क्षुल्लक वाटेल. राजांच्या लढाया आणि राज्यांची उलथापालथ हाच इतिहास, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. परंतु ज्याच्यापासून आता कोणताही उपयोग उरलेला नाही अशा जिवाशी समाज कसा वागला, हाही इतिहासच आहे. किंबहुना लढायांच्या इतिहासात जे लपते ते येथे स्पष्ट दिसते, असे आमचे मत आहे.

प्राचीनांची साक्ष

आरंभ महाभारतापासून करू. हा प्रचंड ग्रंथ एका कुत्र्यावरील अन्यायाने उघडतो आणि एका कुत्र्याला दिलेल्या न्यायाने मिटत येतो. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात एक कुत्र्याचे पिल्लू येते. त्याने हविष्याकडे पाहिलेले नसते, त्याला तोंडही लावलेले नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याची आई सरमा राजाकडे जाब मागते, आणि उत्तर मिळत नाही तेव्हा अदृष्ट भयाचा शाप देऊन जाते. शेवटी, महाप्रास्थानिक पर्वात, भाऊ आणि पत्नी वाटेत पडल्यावर युधिष्ठिरामागे एक कुत्राच उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो. स्वर्गात कुत्रे बाळगणाऱ्यांना जागा नाही. युधिष्ठिर नकार देतो. शरणागताला टाकणे, स्त्रीवध, ब्रह्मस्वहरण आणि मित्रद्रोह ही चार पातके एका पारड्यात घातली, तर भक्ताचा त्याग दुसऱ्या पारड्यात त्यांच्या तोडीचा होईल, असे तो सांगतो. तो कुत्रा पुढे धर्म म्हणून प्रकट होतो. पण युधिष्ठिराने 'नाही' म्हटले तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या दृष्टीने तो केवळ मागे मागे आलेला एक कुत्रा होता.

ग्रीकांकडे वळले तर होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या सतराव्या सर्गात आर्गोस भेटतो. ओडिसियसने त्याला पिल्लू असताना पाळले आणि तो युद्धावर निघून गेला. वीस वर्षांनी तो भिकाऱ्याच्या वेषात घरी परततो, तेव्हा हा एके काळचा शिकारी कुत्रा दाराबाहेर शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरून पडलेला आहे. कोणीही न ओळखलेल्या धन्याला तो ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो. उठून जवळ येण्याचे बळ मात्र त्याच्यात नाही. ओडिसियस तोंड फिरवून डोळे पुसतो आणि आर्गोस तेथेच प्राण सोडतो. या प्रसंगातील करुण रस सर्वांनी वाखाणला आहे. आम्हांला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कवी स्वच्छ सांगतो की धनी दूर गेल्यामुळे नोकरांनी कुत्र्याची हेळसांड केली. म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याची स्थिती हे बिघडलेल्या घराचे लक्षण आहे, हे होमरला उमगले होते.

हाच विचार रोमन काळात प्लुटार्क या चरित्रकाराने नीट मांडला. थोरल्या केटोचे चरित्र लिहिताना त्याच्यापुढे एक अडचण होती. केटो मोठा काटकसरी आणि करारी पुरुष. त्याने शेतीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हातारे बैल, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम विकून टाकावेत असा सल्ला दिला. प्लुटार्कला हे सहन झाले नाही. न्याय माणसामाणसांत चालतो, पण दया त्याहून रुंद आहे. ती मुक्या जनावरांपर्यंत पोहोचते, आणि घोडे व कुत्रे म्हातारे झाले तरी त्यांचे पालन करणे हे भल्या माणसाचे काम आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. पेरिक्लीजचा बाप झँथिपस याच्या कुत्र्याची गोष्ट तो सांगतो. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराण्यांच्या स्वारीमुळे अथेन्सचे लोक शहर सोडून नावांतून निघाले, तेव्हा हा कुत्रा धन्याच्या गलबताच्या कडेने सॅलॅमिस बेटापर्यंत पोहत गेला आणि किनाऱ्याला लागताच मेला. त्याला जेथे पुरले त्या टेकाडाला 'कुत्र्याचे थडगे' हेच नाव राहिले. केटोची बाजू हिशेबाची आणि प्लुटार्कची कृतज्ञतेची. म्हाताऱ्या प्राण्याविषयीचा वाद पुढे दोन हजार वर्षे या दोन बाजूंमध्येच चालत आला आहे.

आपल्याकडील एक उदाहरण छत्रपती शाहू महाराजांचे. त्यांचा खंड्या नावाचा आवडता कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, त्याबद्दल त्यांनी त्याला सनद देऊन जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने आपल्या बखरीत लिहिले आहे. एका मानी सरदाराची भेट घेताना महाराजांनी खंड्याला जरीची वस्त्रे आणि रत्ने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, हा किस्साही तेथलाच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला खंड्याची समाधी दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याची कथा याहून लोकप्रिय आहे, पण समकालीन कागदांत तिला आधार मिळालेला नाही. म्हणून येथे आम्ही तिच्यावर इमारत उभारीत नाही.

या सर्व कथांमध्ये एक गोष्ट समान आहे. आर्गोस असो, झँथिपसचा कुत्रा असो की खंड्या, त्यांनी काही केले होते आणि त्यांना त्याची परतफेड मिळाली, निदान मिळायला हवी होती. युधिष्ठिराचा कुत्रा मात्र कोणाचा नव्हता. त्याची एकच पात्रता होती, ती म्हणजे तो बरोबर आला. बिनधन्याच्या प्राण्याला आसरा देण्याचा विचार येथून निघतो. त्याला संस्थेचे रूप आले ते आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर.

मुंबईचा दंगा आणि पांजरपोळ

गुजरातेत जैन आणि वैष्णव महाजनांनी चालवलेली पांजरपोळे जुनी आहेत. १६८९ मध्ये सुरतेला आलेला ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री लिहून ठेवतो की शहराबाहेर वाण्यांनी चालवलेला एक मोठा दवाखाना आहे. तेथे गाई, घोडे, शेळ्या, कुत्री असे आजारी, लंगडे आणि वयाने थकलेले प्राणी ठेवून त्यांचा सांभाळ करतात. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातले 'वयाने थकलेले' हे शब्द मोलाचे. युरोपातील प्रवाशांना ही गोष्ट इतकी विचित्र वाटली, की त्यांच्यापैकी अनेकांनी तिचे वर्णन चमत्कार म्हणून केले.

मुंबईत हा विचार एका दंग्यातून आला. शहरात भटकी कुत्री फार आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर औषध नाही. म्हणून कंपनी सरकारने उन्हाळ्याच्या महिन्यांत कुत्री मारण्याचा नियम केला होता. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम. इनाम आले की लोभ आला. कुत्री मारणारे आळीतल्या आणि आवारातल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. ६ जून १८३२ रोजी कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशी शहरात हरताळ पडला. दुकाने बंद, गाड्या बंद, लष्कराला जाणारी रसद अडवलेली. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि काही मुसलमान व्यापारीही त्यात होते. सरकारला लष्कर बोलवावे लागले, धरपकड झाली, शिक्षा झाल्या. मुंबईच्या लोकांनी सरकारविरुद्ध एकत्र येऊन केलेल्या आरंभीच्या हरताळांपैकी हा एक, आणि तो कुत्र्यांसाठी झाला, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते.

पारशांना एवढा राग का यावा? त्यांच्या धर्मात कुत्र्याचे स्थान उंच आहे. प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. 'वेंदिदाद' या ग्रंथाचा तेरावा अध्याय बव्हंशी कुत्र्यालाच वाहिलेला असून कुत्र्याला निकृष्ट अन्न घालणाऱ्यास तेथे शिक्षा सांगितली आहे. पंधराव्या अध्यायात, ज्याच्या घराजवळ कुत्री व्याली असेल त्याने ती पिल्ले मोठी होईपर्यंत सांभाळावीत, असा नियम आहे. म्हणजे हा प्राणी कोणाचा हा प्रश्न त्या ग्रंथाने सोडवला तो जवळिकीच्या न्यायाने: जो जवळ आहे, त्याची जबाबदारी.

दंगा शमला, पण शहाण्या शेठ-सावकारांनी त्यातून धडा घेतला. मारणे नको असेल तर ठेवायचे कोठे, याचे उत्तर देणे भाग होते. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईचे पांजरपोळ स्थापन केले. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून त्याचा खर्च चालवला. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारी मंडळी मुंबईत निघाली, आणि दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने परळला जनावरांचे इस्पितळ उभे केले. बाई साकरबाई इस्पितळ म्हणून ते अजून ओळखले जाते.

पांजरपोळाची थोरवी एका वाक्यात सांगता येते: तेथे प्राण मारला जात नाही. त्याची उणीवही तितक्याच थोडक्यात सांगता येते: तेथे कोणाचे घर होत नाही. गोठ्यात राहणारी गाय कळपात रमते. पण कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या चुलीजवळ वाढलेला प्राणी. शंभर कुत्र्यांत ठेवलेला म्हातारा कुत्रा अन्नावाचून मरत नाही, पण ज्याच्या पावलांची वाट पाहावी असे कोणी त्याला उरत नाही. त्याला जीवदान मिळते, माणूस मिळत नाही.

लंडनचे 'तात्पुरते घर'

ही दुसरी गोष्ट इंग्लंडने शोधली. १८६० मध्ये मेरी टीलबी नावाच्या एका बाईने लंडनच्या हॉलोवे भागात तबेल्यांच्या जागेत एक संस्था काढली. तिचे नाव असे: हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर. 'टाइम्स' पत्राने तिची थट्टा केली. दोन वर्षांनी, १८६२ मध्ये, डिकन्सच्या साप्ताहिकात एक लेख आला. त्यात इझ्लिंग्टनच्या झगमगीत श्वानप्रदर्शनाशेजारी या गरीब घराचे चित्र ठेवले होते, आणि वाचकांचे मन पालटू लागले. टीलबीबाई १८६५ मध्ये वारल्या. १८७१ मध्ये संस्था बॅटरसी येथे गेली आणि त्याच नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

या नावातला 'तात्पुरते' हा शब्द क्रांतिकारक आहे, असे आम्ही म्हणतो. पांजरपोळ हे शेवटचे ठिकाण होते. बॅटरसी हे मधले ठिकाण होते. येथे आणलेला कुत्रा येथे राहावयाचा नाही. त्याचा हरवलेला धनी शोधावयाचा, न सापडल्यास नवा धनी पाहावयाचा. आसरा हे साधन आणि घर हे साध्य, हा भेद येथे प्रथम संस्थेच्या रूपाने उभा राहिला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कॅरोलाइन अर्ल व्हाइट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १८६९ च्या सुमारास हेच काम हाती घेतले. कोंडवाड्यातून कुत्री सोडवून आणून त्यांच्यासाठी घरे पाहण्याचा तो उद्योग होता. या चळवळीचा मोठा भार स्त्रियांनी उचलला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पण या नाण्याची दुसरी बाजू काळी आहे. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना भटकी कुत्री धरण्याचा अधिकार मिळाला आणि ती सारी या घराकडे येऊ लागली. थोड्या दिवसांची मुदत. त्यात धनी आला तर ठीक, गिऱ्हाईक आले तर ठीक, नाही तर मृत्यू. १८८४ मध्ये डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी वेदनारहित मरणाची एक विषारी वायूची कोठी तेथे बसवून दिली. ही त्या काळी दयेची सुधारणा समजली गेली. आधीच्या पद्धतींच्या तुलनेने ती होतीही. पण त्या कोठीत प्रथम कोण जात असेल, याचा विचार करावा. जातिवंत पिल्लाला धनी मिळतो, तरण्या राखणदार कुत्र्याला मिळतो. ज्याच्या तोंडाशी कोणी थांबत नाही तो म्हातारा.

म्हणून आमचे म्हणणे असे. मुंबईने न मारण्याचे व्रत घेतले, पण घर दिले नाही. लंडनने घर देण्याची युक्ती काढली, पण न मारण्याचे व्रत घेतले नाही. प्रत्येकाच्या हाती अर्धे सत्य होते, आणि म्हातारा कुत्रा हा दोघांच्याही उणिवेची खूण होता. पांजरपोळात तो एकाकी मरे. बॅटरसीत तो लवकर मरे.

दोन अर्ध्यांची जोड

हे दोन अर्धे जुळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यात एक अडथळा भीतीचा होता, आणि ती भीती खोटी नव्हती. पिसाळ रोग झाल्यावर माणूस वाचत नाही. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचायला आरंभ केला, तेव्हा प्रथमच दंशानंतरचा माणूस वाचवण्याचा मार्ग सापडला. पुढे कुत्र्यांनाच लस देता येऊ लागली, आणि त्याबरोबर सरसकट मारण्याचे जुने कारण लंगडे पडले. तरीही रोग संपलेला नाही. जगात त्याने वर्षाला सुमारे ५९ हजार माणसे मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. ज्याच्या मुलाला कुत्रा चावला त्या बापापुढे दयेचे प्रवचन करण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्याला लस, बंदोबस्त आणि सुरक्षित रस्ता मिळालाच पाहिजे. कुत्र्याला घर मिळणे हा त्या बंदोबस्ताचाच एक भाग आहे. घरातला, लस टोचलेला कुत्रा रस्त्यावर नसतो, ही साधी गोष्ट वादाच्या गलबल्यात विसरली जाते.

विलायतेत १८९१ मध्ये निघालेल्या एका श्वानरक्षक मंडळीने निरोगी कुत्रा कधीही मारावयाचा नाही असे आपले ब्रीद ठरवले. आज ती 'डॉग्ज ट्रस्ट' म्हणून काम करते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने १९९४ मध्ये, घर मिळण्याजोगा कोणताही कुत्रा मारला जाणार नाही, असा करार केला. त्याच शहरात २००७ मध्ये शेरी फ्रँकलिन या बाईंनी 'मटव्हिल' ही संस्था काढली. तिथे केवळ सात वर्षांवरच्या कुत्र्यांनाच घेतात आणि त्यांना घरे शोधतात. टेनेसी राज्यात २०१२ मध्ये निघालेल्या 'ओल्ड फ्रेंड्स' या आश्रमाने आणखी एक तोड काढली. म्हातारा कुत्रा कुटुंबाकडे कायमचा राहावयाचा, पण त्याच्या औषधपाण्याचा खर्च आश्रमाने करावयाचा. न मारण्याचे व्रत पांजरपोळाचे, घर बॅटरसीचे. दोघांची येथे गाठ पडली.

या योजनेमागचा अनुभव आपल्या शहरांनाही उपयोगी आहे. म्हातारे कुत्रे घरात आणायला लोक का कचरतात? एक कारण खर्च: दात, मूत्रपिंडे, सांधे, मोतीबिंदू. तो संस्थेने किंवा चार घरांनी मिळून उचलला तर निम्मी अडचण सरते. दुसरे कारण लवकर येणाऱ्या वियोगाचे भय. त्यावर औषध नाही. पण हे भय वाटणे हीच त्या घराच्या मायेची ग्वाही होय. तिसरे कारण अज्ञान. म्हातारे खोड काही शिकत नाही, ही समजूत खोटी आहे. उलट, त्याचा स्वभाव ठरलेला असतो. तो चपला कुरतडत नाही, त्याला शीविषयीची शिस्त बहुधा आधीच लागलेली असते, थोडे फिरणे, वेळेवर खाणे आणि अंगाखाली मऊ गोधडी एवढ्यावर तो समाधानी असतो. निवृत्त दांपत्याच्या घरी उड्या मारणारे पिल्लू देणे ही चूक. त्यांना जोड या संथ सोबत्याचीच. मात्र देणाऱ्याने काही लपवू नये. त्याला कमी ऐकू येते, रात्री उठावे लागते, हे आधी सांगावे. काही दिवस ठेवून पाहू द्यावे. आणि न जमल्यास परत घेण्याचे वचन द्यावे. लपवून दिलेला कुत्रा परत येतो, आणि दुसऱ्यांदा टाकलेला कुत्रा पहिल्या वेळेपेक्षा अधिक खचलेला असतो.

आपल्या दाराशी

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत मागासलेला नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला, आणि १९६२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले. सबळ कारणाशिवाय, हाल होतील अशा रीतीने प्राण्याला टाकून देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये! १८३२ मध्ये मेलेल्या कुत्र्याचे मोल आठ आणे होते. १९६० मध्ये टाकलेल्या कुत्र्याचे मोल दहा रुपयांपासून पुढे. एवढ्याच प्रगतीवर समाधान मानावयाचे की काय, हे श्रोत्यांनी ठरवावे.

मुंबईत पालिकेकडून कुत्री मारण्याची पद्धत १९९० नंतरच्या दशकात थांबली आणि नसबंदीचा मार्ग आला. २००१ च्या नियमांनी तो देशभर लागू केला. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्र्याला जेथून आणला तेथेच सोडावे, हे त्यांचे सूत्र. म्हणजे कायद्याने गल्ली हेच गावठी कुत्र्याचे घर मानले. त्यात तथ्य आहे. आपल्या वाड्यांच्या आणि चाळींच्या दाराशी असे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या राहिले; एका बिऱ्हाडाची भाकरी, दुसऱ्याचा ताकभात, आणि रात्री सर्वांची राखण. पण वाडा पडतो आणि तेथे उंच इमारत येते. भाकरी टाकणारी म्हातारी मुलाकडे दूर राहायला जाते. फाटकाला कुलूप बसते. मग गल्ली असते, पण घर राहत नाही. आणि हे नेमके कुत्रा थकतो तेव्हा घडते.

२०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ११ ऑगस्टच्या आदेशाने दिल्ली परिसरातली सारी भटकी कुत्री आश्रयस्थानांत हलवण्यास सांगितले. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला: पिसाळलेली आणि हिंस्र वगळून बाकीची नसबंदी व लस करून मूळ जागी सोडावीत. ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथील कुत्री हलवावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असे सांगितले गेले. या आदेशांवर मतभेद पुष्कळ झाले. आम्ही फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. २२ ऑगस्टच्या आदेशात असेही होते की ज्यांची इच्छा असेल त्यांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घ्यावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी. जवळजवळ दोनशे वर्षांच्या वादाचे सार त्या एका कलमात आले आहे. आश्रयस्थाने उभारली तर ती नवी पांजरपोळे होतील. ती भरली की बॅटरसीच्या कोठीचा मोह होईल. या दोहोंतून सुटण्याचा दरवाजा एकच आहे, आणि तो माणसाच्या घराचा आहे.

एका आक्षेपाचे उत्तर

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: माणसांनाच घरे नाहीत, तेथे कुत्र्यांची काय कथा? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला इतिहासानेच उत्तर देऊ. ज्या जमशेटजींनी पांजरपोळाला हात दिला, त्यांच्याच देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. १८२४ मध्ये लंडनला प्राणिरक्षक मंडळी स्थापणाऱ्यांत विल्बरफोर्स होता. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी ज्याने हयात वेचली तोच हा. १८७४ मध्ये न्यूयॉर्कला मेरी एलन नावाच्या छळ झालेल्या मुलीची सुटका करवण्यास जो पुढे आला तो हेन्री बर्ग, तेथील प्राणिरक्षक मंडळीचा संस्थापक. आणि त्या प्रकरणातून मुलांच्या रक्षणाची पहिली संस्था निघाली. दयेचे कोठार एका बाजूने उपसले की दुसऱ्या बाजूने रिकामे होते, असा अनुभव नाही. उलट, हिशेब करणाऱ्या केटोने म्हातारा बैल आणि म्हातारा गुलाम एकाच ओळीत बसवले होते, हे विसरू नये. निरुपयोगी झालेल्याला बाहेर काढण्याची सवय एकदा लागली की ती जनावरांपाशी थांबत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याला घर देणे हे मोठे पुण्यकर्म आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याने देश सुधारेल असेही नाही. फार तर दोन-तीन वर्षांची सोबत, थोडा खर्च, आणि शेवटी एक दुःख. पण जो कोणाचाच नव्हता तो त्या दोन-तीन वर्षांत कोणाचा तरी होतो. गावात पन्नास घरे अशी निघाली तर पन्नास जिवांचे रस्त्यावरचे मरण टळते, आणि त्या घरांतली मुले शिकतात की थकलेल्याला बाजूला सारावयाचे नसते. हा पाठ ती पुढे आपल्याच म्हातारपणी आपल्यावर गिरवतील. तेव्हा, स्वार्थ म्हणून पाहिले तरी, व्यवहार वाईट नाही.